ज्योतीतून वाहणारी वीज

जानेवारीत एका पहाटे अमेरिकेतल्या मिनेसोटाहून भाच्याचा फोन आला. "मामा, बाहेर उणे वीस आहे आणि घरातली भट्टी बंद पडली." तिकडे घर उबदार ठेवायला तळघरात गॅसची भट्टी असते, तिला फर्नेस म्हणतात. याची वीस वर्षांची जुनी. बर्नर पेटायचे, चार-पाच सेकंदांत विझायचे, असं तीनदा झालं की भट्टी आपोआप बंद व्हायची. मेकॅनिकने सांगितलं, जुनी झाली, नवीनच बसवा.

लक्षण ऐकलं आणि मला आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरचा गॅस गीझर आठवला. दिवाळीत त्याचंही हेच झालं होतं. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "सर, जाय लागते अन् विझून जाते. किट गेली, नवीन टाका लागते." किट, म्हणजे ठिणगी आणि गॅस सांभाळणारा सर्किटचा डबा, शाबूत होती. मळली होती ती एक पिन.

गॅस सुटतोय आणि ज्योत नाही, ही सगळ्यांत धोक्याची अवस्था. म्हणून ज्योत दिसली नाही की यंत्र गॅस तोडतं. ती 'पाहण्यासाठी' बर्नरपुढे धातूची बारीक पिन असते. ही पिन उष्णता मोजते, असा समज मेकॅनिक मंडळींतही आहे. खरं तर ती वीज मोजायला असते, आणि ती वीज चक्क ज्योतीतून वाहते!

हवा विजेची दुर्वाहक, मग ज्योत वाहक कशी? नुसत्या उष्णतेने नव्हे. ज्वलनात इंधनाचा सीएच (एक कार्बन, एक हायड्रोजन) हा तुकडा ऑक्सिजनच्या अणूला भिडतो, तेव्हा सीएचओ हा धनभारित आयन बनतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. हा आयन आपला प्रोटॉन लगेच पाण्याच्या रेणूला देतो आणि हायड्रोनियम तयार होतो. आम्लाच्या धड्यात शाळेत भेटलेला हाच तो. म्हणजे ज्योतीत एकीकडे हलके इलेक्ट्रॉन आणि दुसरीकडे त्यांच्याहून सुमारे ३५ हजार पट जड आयन.

आता फर्नेसचा सर्किट बोर्ड पिन आणि बर्नर यांच्यामध्ये एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, विजेचा दाब लावतो. पिन धन असते तेव्हा चपळ इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात, आणि जड आयनांना जमा व्हायला बर्नरचा ऐसपैस पृष्ठभाग असतो. प्रवाह बरा वाहतो. पिन ऋण झाली की त्याच जड आयनांना एवढ्याशा पिनेवर यावं लागतं, प्रवाह रोडावतो. दोन्ही दिशांचा हिशेब केला तर एकाच दिशेचा, डीसी प्रवाह उरतो, फक्त काही मायक्रोअँपिअर. बोर्ड नेमका तोच शोधतो. ओलीमुळे किंवा काजळीमुळे वीज गळली तरी ती एसीच राहते, त्यामुळे बोर्ड फसत नाही. एवढी सुंदर युक्ती घरगुती यंत्रात क्वचितच सापडते. सेलवर चालणाऱ्या आपल्या गीझरमध्येही ज्योतीची वाहकताच कामी येते.

धूळ आणि शाम्पू-डिटर्जंटमधली सिलिकॉनची संयुगं ज्योतीत जळली की सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ, पिनेवर पांढरट थर धरतो. तो दुर्वाहक. ज्योत धडधडत असते, बोर्डाला मात्र ती नाहीच वाटते.

भाच्याला सांगितलं: गॅस बंद, मेन स्विच बंद, मग एक स्क्रू काढून पिन बाहेर घे आणि बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पूस. जाड पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत पुन्हा थर बसतो. पिनेचं चिनी मातीचं आवरण तडकलं असेल तरच नवीन घ्यायची, आणि तीही जुनीवरचा नंबर पाहून. आपल्याकडे गीझरचा रबरी डायफ्राम किंवा मायक्रोस्विच घेताना जुना सुटा भाग खिशात घालूनच तालुक्याला जावं. डायफ्रामचा व्यास आणि भोकं जुळली की थोडक्यात भागतं.

काटकसर मात्र पिनेपर्यंतच. फर्नेसमधल्या उष्णता-विनिमयकाला, म्हणजे जळालेल्या गॅसची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला, तडा गेला असेल, तर भट्टी बदलायलाच हवी. त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. न्हाणीघरात लावलेल्या गीझरची जाळी काजळीने तुंबली की तोच वायू तयार होतो. त्याला वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आंघोळ करताना कोणी कोसळलं की 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारा लावणारी घरं मी पाहिली आहेत. त्या क्षणी गॅस बंद करून माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखान्यात न्या. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या भिंतीवर लावा. नळी लांब लागेल, लागू द्या.

तासाभराने भाच्याचा पुन्हा फोन आला. पिनेचा प्रवाह मोजणारा मीटर पुसण्याआधी ०.४ मायक्रोअँपिअर दाखवत होता, तो आता ३ वर गेला होता. मागे ब्लोअरची घरघर मला ऐकू येत होती. विनिमयक तपासायला त्याने दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावला आहे.