निळा पंप किती, रोजचा किती?

मुलाच्या दम्यावर नीट उपचार चाललेत का, हे कळायला वर्षभरात घरात कुठले पंप आले ते मोजून बघा. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतो. आतली सूज मात्र तशीच राहते. ती उतरवायला बुडेसोनाइडसारखा स्टिरॉइडचा पंप लागतो, आणि तो त्रास नसतानाही रोज घ्यावा लागतो. अमेरिकेत सततचा दमा असलेल्यांसाठी सरळ भागाकार करत आलेत: सूज उतरवणारी औषधं भागिले दम्याची एकूण औषधं. उत्तर किमान ०.५ हवं. वर्षात निळे आठ आणि रोजचे दोन आले, तर उत्तर ०.२. म्हणजे नुसती आग विझवणं चालू आहे.

मुंबईत हे चित्र अनोळखी नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी, पाऊस सरला की बांधकामांची धूळ. रात्री पोराला धाप लागली की मशीनवर वाफ द्यायची, दोन दिवसांनी शाळा. रोजच्या पंपाचं नाव काढलं की आई म्हणते, ‘नको हो डॉक्टर, सवय लागेल.’ सवय लागत नाही. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, स्टिरॉइडच्या गोळीतला मिलिग्रॅममध्ये.

जे बिघडलं नाही त्याची काळजी घेणं सगळ्यांनाच जड जातं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १२ शहरी भागांतल्या दीड हजार मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. अचानक उद्भवलेल्या आजारांत गरजेची ६७.६ टक्के सेवा मिळाली होती. प्रतिबंधक सेवा जेमतेम ४०.७ टक्के. श्रीमंत देशाची ही गत!

आपल्याकडे लसीकरण बरंच नेमानं मोजलं जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली १२ ते २३ महिन्यांची ७६.४ टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली आढळली. कार्ड नसेल तिथे आईच्या आठवणीवर भिस्त. मला त्याहून बोलका वाटतो तो गळतीचा आकडा: सहाव्या आठवड्याची पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) घेतलेल्या किती बाळांची चौदाव्या आठवड्याची राहिली? पहिला डोस झाला म्हणजे आईला केंद्र ठाऊक आहे. मग मधल्या काळात ती गावी गेली की रांगेपायी रोजंदारी बुडाली, हे विचारता येतं.

पंपांच्या भागाकारातही एक पळवाट आहेच. त्यात विकत घेतलेला पंप मोजला जातो, ओढलेला नाही. स्पेसरशिवाय, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीशिवाय, उडवलेलं औषध बरंचसं घशातच बसतं. म्हणून तपासणीत मुलाच्या हातात पंप देऊन ‘घेऊन दाखव बघू’ म्हणणारा डॉक्टर मला जास्त पटतो, त्याच्या रजिस्टरात त्यासाठी रकाना असो वा नसो.