पोटाचा घेर आणि लघवीची धार

पन्नाशी ओलांडलेला पुरुष लघवीची तक्रार सहसा स्वतःहून सांगत नाही. दुसऱ्याच कारणासाठी डॉक्टरांकडे गेलेला असतो आणि निघता निघता दारातून म्हणतो, धार पूर्वीसारखी राहिली नाही, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. निदानही तोच करून मोकळा होतो: 'वय झालं, प्रोस्टेट असणार.' बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण या दुखण्यातला एक भागीदार त्यातून निसटतो, तो म्हणजे वजन, आणि त्यातही पोटाभोवतीची चरबी.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती कड्यासारखी बसलेली ग्रंथी. तरुणपणी तिचं वजन साधारण 20 ग्रॅम असतं. चाळिशीनंतर तिचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. साठीपर्यंत जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठ-नऊ जणांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र तिचा वेग सगळ्यांचा सारखा नसतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे 1958 पासून वार्धक्याचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या पुरुषांविषयी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, एका अंकाने वाढला की प्रोस्टेटचं आकारमान सरासरी 0.41 मिलिलिटरने जास्त आढळलं. ज्यांचा बीएमआय 35 किंवा अधिक होता, त्यांच्यात ग्रंथी मोठी असण्याचा धोका 25 च्या आतल्यांपेक्षा साडेतीन पट होता.

चरबीचा आणि या ग्रंथीचा संबंध काय? चरबी म्हणजे नुसतं साठवण नव्हे. तिच्यातलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीमुळे शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, मग रक्तात इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन हे पेशींना वाढायला सांगणारं संप्रेरक आहे. भरीला शरीरभर मंद दाह धुमसत राहतो. शिवाय स्थूल व्यक्तींत अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी मज्जासंस्था, जास्त ताणलेली असते. याच मज्जासंस्थेच्या इशाऱ्यावर प्रोस्टेटमधले स्नायू आवळतात, म्हणजे ग्रंथी फारशी वाढलेली नसली तरी वाट अरुंद होऊ शकते.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचं गणित जुळत नाही. सोनोग्राफीत मोठी दिसणारी प्रोस्टेट घेऊन माणूस निवांत झोपतो आणि लहान प्रोस्टेटवाला रात्रभर येरझाऱ्या घालतो. कारण अर्धी गोष्ट मूत्राशयाची आहे. मूत्राशयात 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते, पहिली जाणीव मात्र 150 ते 200 च्या आसपास होते. पोटाच्या पोकळीत चरबीची दाटी झाली की आतला दाब वाढतो आणि तो मूत्राशयावरही पडतो. मग घाई होते, वारंवार जावं लागतं, कधी पोहोचेपर्यंत थेंब गळतात. मधुमेह जडला असेल तर साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते आणि लघवीच जास्त तयार होते.

रात्रीचं जागरण तर फारच फसवं. जाड मानेचा, मोठ्याने घोरणारा माणूस घ्या. झोपेत त्याचा घसा मिटतो, श्वास अडतो, छाती जोर लावून हवा ओढू पाहते. या ओढीमुळे छातीतला दाब उतरतो, हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झालं आहे, अशी हृदयाची समजूत होते. ते एक संप्रेरक सोडतं आणि त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकू लागतात. म्हणजे लघवीने जाग आली असं वाटतं, पण मूळ दुखणं घशात असतं. झोपेत श्वास अडण्याच्या या विकारावर, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियावर उपचार झाले की अशा अनेकांचं रात्रीचं उठणं कमी होतं. प्रोस्टेटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही रात्र सुधारत नसेल, तर बायकोला विचारावं, 'मी घोरतो का?'

वजन उतरवलं तर सगळं ठीक होतं का? तसं सरसकट म्हणता येत नाही. टाइप 2 मधुमेह असलेल्या वजनदार लोकांच्या 'लुक अहेड' या अमेरिकी चाचणीत आहार-व्यायामाचा कसून पाठपुरावा केलेल्या पुरुषांत वर्षभरात लघवी गळण्याची तक्रार घटली. दिवसा वारंवार आणि रात्री उठून जाण्यात मात्र ठळक फरक पडला नाही. वाढलेली ग्रंथी पोटाबरोबर आपोआप आक्रसत नाही, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल नाही. पण चालण्याची बाजू भक्कम वाटते. आरोग्यक्षेत्रातल्या हजारो अमेरिकी पुरुषांच्या पाहणीत आठवड्याला दोन-तीन तास चालणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटवाढीच्या त्रासाचा धोका 25 टक्क्यांनी कमी होता. हे पाहणीतून दिसलेलं नातं आहे, चालण्यानेच तो घटला असं त्यातून सिद्ध होत नाही. तरीही मी ते गंभीरपणे घेतो.

लघवीत रक्त दिसलं, लघवी अजिबात होईना, तापासोबत जळजळ असली, तर वजनाचा विचार नंतर, डॉक्टर आधी. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पडताळणारी रक्ततपासणी, करताना वजनही सांगावं, कारण स्थूल पुरुषांत रक्ताचं प्रमाण जास्त असल्याने हा आकडा खरा असतो त्याहून कमी भासू शकतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद ठेवा: किती वाजता गेलो आणि मोजपात्रात किती मिलिलिटर भरली. झोपल्यानंतरची आणि सकाळची पहिली लघवी मिळून चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरत असेल, तर उतारवयातल्या माणसाच्या बाबतीत शोध प्रोस्टेटपाशी न थांबवता झोप, हृदय, पायांवरची सूज आणि साखर यांच्याकडेही न्यावा लागतो.