‘सवाई’ : पहाटेच्या भैरवीपासून रात्री दहापर्यंत

डिसेंबर जवळ आला की पुण्यात ‘सवाई’ या शास्त्रीय संगीत महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेची वाट पाहिली जाते. कोण गाणार हे सगळेच बघतात. कोण किती वाजता गाणार तेही जाणकार बघतात, कारण प्रत्येक रागाची गाण्याची आपली अशी वेळ असते. त्या वेळांमागे बराच इतिहास आहे.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि संगीत रंगभूमीवरचे गाजलेले गायक नट. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी हे त्यांचे शिष्य. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते गेले आणि १९५३ मध्ये भीमसेनजींनी पुढाकार घेऊन पुण्यात गुरूंच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ आजही तो भरवतं. पुण्यतिथी सप्टेंबरातली, महोत्सव मात्र डिसेंबरात. उघड्या मैदानावर मांडव घालायचा तर पावसाळा कसा चालेल?

पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावरची बैठक रात्रभर चाले. शाली, थर्मास, मध्यंतरातला चहा या आठवणी पुणेकर कौतुकाने सांगतात, पण खरी चैन होती ती रागांची. मध्यरात्री मालकंस, दरबारी. उजाडताना ललित, तोडी. शेवटी भीमसेनजी, आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची ‘बिन देखे पडे नहीं चैन’ ही भैरवी ध्वनिमुद्रणातून ऐकून श्रोते उठत.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतरचा ध्वनिक्षेपक बंद झाला. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्याच दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकतं. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार केला तर नियमाला नावं ठेवता येत नाहीत, तरी ऐकणाऱ्याला चुटपुट लागायची ती लागतेच. मग सत्रं दुपारपासून सुरू होऊ लागली.

भीमसेनजी जानेवारी २०११ मध्ये गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. २०१८ पासून मुक्काम मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात.

येणारी पत्रिका या हिशेबाने वाचावी. पहिली जागा बहुधा तरुण कलाकाराची, पण दुपारची वेळ वाटते तितकी कोरडी नाही. मुलतानी, भीमपलास, पटदीप एरवी सायंकाळच्या मैफलीत ऐकायला मिळतात कुठे? तिन्हीसांजेला मारवा, पूरिया. दिवसाचा शेवट करणाऱ्या ज्येष्ठांच्या वाट्याला बिहाग, बागेश्री. दरबारी मांडायचा तर तो घड्याळाच्या थोडा आधीच.