फर्स्ट कॉपी घड्याळांची दुरुस्ती आणि मॉडिंग

फर्स्ट कॉपी म्हणजे महागड्या स्विस घड्याळाची हुबेहूब नक्कल, मुंबईच्या पट्ट्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. असं घड्याळ उघडून नीट चालतं करणं, आतलं मशीन बदलणं, काटे, डायल, काच बदलून त्याला वेगळं रूप देणं याला छंदवाले मॉडिंग म्हणतात. ठाण्यात आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळला हे करणारी मंडळी बहुतेक नोकरदार, रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून बसणारी. कागद पांढराच लागतो, गडद टेबलावर पडलेला स्क्रू परत सापडत नाही.

घड्याळ चालवणाऱ्या आतल्या यंत्राला इंग्रजीत मूव्हमेंट म्हणतात, पण दुरुस्तीच्या दुकानात तो शब्द फारसा ऐकू येत नाही, तिथे मशीन. सगळा छंद या एका शब्दाभोवती फिरतो कारण कॉपी बाहेरून कितीही चकाचक असली तरी आत काय भरलंय ते मागचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. स्वस्त मालात बऱ्याचदा साधं क्वार्ट्झ मशीन आणि सेल, आणि ते हलू नये म्हणून बाजूने प्लास्टिकची जाड रिंग. क्रोनोग्राफचे, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचे, छोटे डायल काही वेळा नुसते छापलेले असतात. जरा वरच्या मालात चिनी ऑटोमॅटिक येतं, त्यात २८१३ हे नाव पुन्हापुन्हा दिसतं, जपानच्या मियोटा ८२१५ च्या धर्तीवर बनवलेलं, तासाला २१,६०० ठोके, म्हणजे आतलं डोलणारं चाक तासाला तितके झोके घेतं. त्याच्या वर स्विस ईटीए २८२४ च्या चिनी आवृत्त्या, जसं सी-गलचं एसटी २१३०, तासाला २८,८०० ठोके, त्यामुळे सेकंद काटा जास्त सलग सरकतो. ठोके जास्त म्हणजे घड्याळ भारी असं लोक समजतात ते काही खरं नाही. कॉपीतली मशीनं अनेकदा जवळजवळ कोरडी किंवा भलत्या ठिकाणी तेल लागलेली येतात, आणि कोरडं मशीन कितीही ठोके मारू दे, ते स्वतःलाच झिजवतं. म्हणून नवीन कोरी कॉपी हातात आली तरी जाणकार माणूस आधी सर्विसिंग करतो मग मनगटावर घालतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी क्रोनोग्राफची. व्हॅल्जू ७७५० या स्विस क्रोनोग्राफ मशीनमध्ये छोटा सेकंद काटा ९ च्या जागी असतो, पण ज्या घड्याळाची नक्कल करायची त्यात तो ६ वर असेल तर काही चिनी आवृत्त्यांत जादा चाकं घालून तो तिकडे नेलेला असतो. त्या जादा चाकांमुळे मशीनवर ताण येतो आणि घड्याळ बंद पडू शकतं. शिकताना या वाटेला जाऊच नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

शिकायला जपानच्या सिको कंपनीचं एनएच ३५ हे मशीन उत्तम. २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), २१,६०० ठोके, पूर्ण चावी भरल्यावर साधारण ४१ तास चालतं, चावी ओढली की सेकंद काटा थांबतो म्हणून वेळ बरोब्बर लावता येते, आणि बिघडलं तर अख्खं मशीन बदलणं परवडतं. कंपनीच्या हिशेबाने ते दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे इतकं हललं तरी पास, पण हाताने ॲडजस्ट केलं तर त्यापेक्षा खूप चांगलं चालतं. अडचण अशी की हे मशीन ५.३२ मिमी जाड आणि ईटीए २८२४ फक्त ४.६ मिमी, त्यामुळे ईटीएसाठी बनवलेल्या कॉपीच्या बॉडीत एनएच ३५ घुसवायला गेलं की मागचं झाकण बसत नाही, चावीची दांडी भोकासमोर येत नाही, आणि मग माणूस कॉपीची बॉडी सोडून एनएच ३५ साठीच बनवलेली बिननावाची बॉडी मागवतो. माझ्या मते छंदातली खरी प्रगती इथे होते.

काटे बसवणं हे सगळ्यात नाजूक काम. एनएच ३५ ला तास काट्याचं भोक १.५ मिमी, मिनिट काट्याचं ०.९ आणि सेकंद काट्याचं ०.२ मिमी, ईटीए २८२४ ला सेकंदाचं ०.२५. हा ०.०५ चा फरक डोळ्यांना दिसतच नाही, पण ईटीएचा काटा एनएचवर ठेवला तर तो धरत नाही, हात जरा झटकला की काचेखाली पडलेला दिसतो. बसवताना आधी चावीने वेळ पुढे पुढे नेत तारीख बदलते तो क्षण पकडायचा, तिथे थांबून तास आणि मिनिट काटा दोन्ही १२ वर बसवायचे, म्हणजे तारीख मध्यरात्रीच बदलते. मग तास काटा डायलला घासत नाही ना ते बाजूने बघायचं. सेकंद काटा चिमट्याने उचलायचाच नाही, रोडिकोच्या, म्हणजे त्या हिरव्या चिकट मातीसारख्या गोळ्याच्या, टोकावर चिकटवून सेकंदाच्या पिनच्या टोकावर आणायचा आणि काटे बसवायच्या प्रेसने हलकेच दाबायचा. हे सगळं पंखा बंद करून. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून अर्धा तास बसणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहीत, पण पंखा चालू असला की धुळीचा एक कण डायलवर येतोच आणि काच बसल्यावरच दिसतो. हातमोजे नसतील तर बोटांना रबरी टोप्या घालाव्यात, घामाचा डाग डायलवरून पुसला जात नाही, छपाईसकट निघतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ खाली खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि बाहेरून मागवलेला बनावट माल कस्टम्स अडवू शकतं. घरात पडलेलं घड्याळ स्वतःसाठी उघडून शिकणं वेगळं आणि त्यावर कंपनीचं नाव ठेवून ओरिजिनल म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारणं वेगळं, ती सरळ फसवणूक आहे. म्हणून चांगले मॉडर नाव छापलेला डायल काढून बिननावाचा डायल टाकतात. कामाचं कौतुक व्हायचं तर ते आपल्या हाताच्या कामाचं व्हावं, दुसऱ्याच्या लोगोवरच्या मुकुटाचं कशाला.

नकलेची आपल्याकडची परंपरा या चिनी मालापेक्षा जुनी आहे. जुन्या फेवर लुबा, सिको ५ किंवा एचएमटी घड्याळांचे डायल नव्याने रंगवून, तीन घड्याळांचे पार्ट एकात बसवून विकलेल्या मालाला बाहेरचे संग्राहक मुंबई स्पेशल म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. चोरबाजारात असं घड्याळ घ्यायचं तर डायलवरची अक्षरं भिंगाखाली बघावीत, कडा थरथरलेल्या असतील तर रंगकाम नंतरचं. जे एचएमटी जनता घरात असेल ते मात्र जपावं. १७ ज्वेलचं, चावी भरायचं, तासाला १८,००० ठोक्यांचं हे मशीन हात बसवायला फार चांगलं आहे, आणि एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाल्यामुळे पार्ट आता जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. ६० च्या दशकापर्यंतच्या स्विस घड्याळाचे चमकणारे आकडे खरवडायचे नाहीत, त्यात रेडियम असू शकतं, धूळ नाकात जाणं धोक्याचं.

पावसाळ्यात या भागात घड्याळ उघडलं तर दमट हवाच आत बंद होते, आणि एसीत गेल्यावर काचेवर आतून बाष्प धरतं. कॉपीवर २०० मीटर लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नये, झाकणाची आणि चावीची रबरी रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बदलावी आणि प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय घड्याळ घालून पोहायला जाऊ नये. घड्याळ अचानक काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर उघडण्याआधी डिमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व काढणारं यंत्र, फिरवून बघावा, स्पीकर किंवा बॅगच्या चुंबकामुळे केसाएवढ्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, अशा वेळी नुसतं ते यंत्र फिरवल्यानेच काम होतं. आणि तारीख बदलायची तर काटे आधी सकाळच्या ६ च्या आसपास आणावेत, रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा चावीने जबरदस्ती केली तर दाते तुटतात.