नो पार्किंगचे ई-चलान आले असल्यास: पैसे भरण्यापूर्वी फोटो उघडून पाहावा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वाहनाच्या नोंदणीची, नावबदलाची आणि परवान्याची कामे आम्ही पुण्यात करतो, त्यामुळे थकलेल्या ई-चलानांचा विषय आमच्या टेबलावर रोज येतो. काही ग्राहक मोबाईलवर संदेश आला की काही न पाहता पैसे भरून मोकळे होतात, तर काही जण दोन-तीन वर्षे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि गाडी विकायला काढली की धावत येतात. दोन्ही प्रकारांत ग्राहकाचे नुकसान होताना आम्ही पाहिले आहे, म्हणून हे पत्रक लिहीत आहोत.

आपण ज्याला दंड म्हणतो ती रक्कम कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क असते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 200 नुसार हे शुल्क भरले की गुन्हा मिटतो आणि प्रकरण न्यायालयात जात नाही. मात्र शुल्क भरणे म्हणजे चूक मान्य करणे, आणि एकदा भरलेले पैसे परत मिळवणे फार अवघड असते. म्हणूनच आमचा आग्रह एकच आहे: आधी चलान उघडावे, त्यातील फोटो नीट पाहावा आणि मगच भरायचे की हरकत घ्यायची हे ठरवावे.

चलान पाहण्यासाठी राज्याच्या वाहतूक पोलिसांचे महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळ किंवा महाट्रॅफिक अ‍ॅप वापरावे. तेथे गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरील सर्व चलाने दिसतात. प्रत्येक चलानात तारीख, वेळ, ठिकाण, लावलेले कलम, रक्कम आणि फोटो असतो. संदेशातील लिंकवरून पैसे भरण्याची सवय कृपया सोडावी. ई-चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) पाठवून मोबाईलमधून बँकेचे तपशील चोरण्याचे प्रकार सर्रास घडत आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, आणि पोलीस कधीही कोणाला एपीके फाईल पाठवत नाहीत. आपल्याला संदेशच येत नसतील, तर आरसीला जोडलेला मोबाईल क्रमांक तपासावा. गाडी घेताना शोरूममधल्या कोणाचा तरी क्रमांक टाकला गेल्याची उदाहरणे आमच्याकडे बरीच येतात. हा क्रमांक परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर बदलता येतो.

रकमेबाबत सांगायचे तर डिसेंबर 2021 पासून महाराष्ट्रात नो पार्किंगसाठी पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास 1500 रुपये आकारले जातात. गाडी उचलून नेली असेल तर टोइंगचे शुल्क वेगळे असते आणि त्याची पावती जागेवरच मागून घ्यावी.

आता हरकतीविषयी. येथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘तिथे बोर्डच नव्हता’ हे कारण बहुतेक ग्राहक सांगतात, पण ते प्रत्येक ठिकाणी चालत नाही. पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचे तोंड, बसथांबा, दुसऱ्याच्या फाटकासमोरची जागा किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुहेरी रांग, या ठिकाणी वाहन उभे करण्यास नियमानेच मनाई आहे आणि त्यासाठी स्वतंत्र फलकाची गरज नसते. एरवी मोकळ्या असलेल्या रस्त्यावर मात्र मनाई लागू करायची तर ती फलकाने कळवावी लागते. फलक खरोखर नसेल, झाडाच्या फांदीआड गेला असेल किंवा मोडून पडला असेल, तर त्याच दिवशी दोन्ही दिशांनी फोटो काढून ठेवावेत. आठवड्यानंतर काढलेल्या फोटोला फारसे वजन राहत नाही.

सम-विषम तारखांच्या पार्किंगबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. पी-1 आणि पी-2 फलकांच्या (एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम तारखांना पार्किंग असलेल्या) रस्त्यांवर ‘काल या बाजूला होती, म्हणजे आज त्या बाजूला’ असा हिशेब अनेक जण करतात. परंतु 31 तारखेनंतर 1 तारीख येते आणि दोन्ही विषम असतात, त्यामुळे त्या दिवशी बाजू बदलत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी आलेली कितीतरी चलाने याच चुकीची असतात आणि त्यांवर हरकत घेण्यात अर्थ नसतो.

याउलट, हरकत हमखास घ्यावी असा प्रकार म्हणजे चुकीच्या गाडीचे चलान. एका ग्राहकाकडे काळी मोटारसायकल होती आणि चलानातील फोटो मोठा करून पाहिल्यावर पांढरी मोपेड निघाली. नंबरप्लेटवरचा 3 हा आकडा 8 असा वाचला गेला होता. अशा वेळी तक्रारीत रागाचा किंवा अडचणींचा पाढा न वाचता मोजकेच लिहावे: ‘चलानातील फोटोत दिसणारे वाहन पांढरी मोपेड असून माझ्या नोंदणी प्रमाणपत्रानुसार माझे वाहन काळी मोटारसायकल आहे. आरसीची प्रत आणि माझ्या वाहनाचा नंबरप्लेटसह फोटो सोबत जोडला आहे. चलान रद्द करावे, ही विनंती.’ ही तक्रार अ‍ॅपवरील तक्रार विभागातून करता येते. त्याखेरीज वाहतूक शाखेच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने नोंदवलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ सांगतो. तेव्हा नोटिशीची तारीखही तपासावी, आणि नोटिशीवर जी मुदत छापलेली असेल ती चुकवू नये.

तक्रार फेटाळली गेली तरी न्यायालयात बाजू मांडण्याचा आपला हक्क राहतो. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात (चलानांची प्रकरणे ऑनलाइन हाताळणाऱ्या न्यायालयात) आले असेल, तर तेथे दंड भरणे किंवा प्रकरण लढवणे असे दोन पर्याय दिसतात आणि दुसरा निवडल्यास ते नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. चूक मान्य आहे पण चलाने बरीच साठली आहेत, अशांसाठी राष्ट्रीय लोकअदालत हा चांगला मार्ग आहे. तेथे तडजोडीने झालेला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील करता येत नाही, याची जाणीव ठेवून जावे.

केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालय घेत नाही, हे ऐकून काही जण निर्धास्त बसतात. कायद्यात ही मुदत आहे, परंतु योग्य कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे, शिवाय चलान संकेतस्थळावर तसेच थकीत दिसत राहते आणि व्यवहाराच्या वेळी आडवे येते. या मुदतीवर विसंबून राहण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देत नाही.

गाडी विकलेल्या ग्राहकांनी तर विशेष काळजी घ्यावी. आरसीवर आपले नाव आहे तोवर नव्या मालकाने केलेल्या चुकीचे चलान आपल्याच नावावर येते. फॉर्म 29 आणि 30 (मालकी बदलाचे अर्ज) यांवर नुसत्या सह्या करून देणे पुरेसे नाही. विक्रीची सूचना 14 दिवसांत आरटीओला द्यावी, आणि गाडीचा ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली, दोघांच्या सहीची पावती जपून ठेवावी. मधल्या काळातले चलान आल्यास त्या वेळी गाडी कोणाच्या ताब्यात होती हे याच कागदाने दाखवता येते.

चलानाबाबत आमच्याकडे येताना आरसीची प्रत, चलानाची फोटोसह छापील प्रत, जागेचे फोटो आणि आधी तक्रार केली असल्यास तिचा क्रमांक सोबत आणावा. चलान योग्य असेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो आणि ते पाहून देण्याचे कोणतेही शुल्क घेत नाही.