एलेफंटाइनची ज्यू वसाहत

ईजिप्तमध्ये नाईल नदीच्या पहिल्या प्रपातापाशी, आस्वानसमोरील एलेफंटाइन बेटावर (प्राचीन नाव येब) इ. स. पू. पाचव्या शतकात नांदणारी ज्यू सैनिकांची वसाहत. इराणच्या ॲकिमेनिडी सम्राटांच्या चाकरीत दक्षिण सीमेची राखण करणाऱ्या या लोकांचे व्यवहार ॲरेमाइक भाषेतील पपायरसांवर टिकून राहिले. इराणी अमलाखालील ज्यूंसाठी सहसा जुन्या करारातील एज्रा, नहेम्या व एस्तेर या पुस्तकांचा आधार घेतात. पण त्यांवर उत्तरकालीन संपादनाचे संस्कार आहेत. येबची कागदपत्रे समकालीन असल्यामुळे अधिक मोलाची ठरतात.

वसाहतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इराणी सम्राट कँबायसिसने इ. स. पू. ५२५ मध्ये ईजिप्त जिंकला तेव्हा येथे याहूचे (यहोवाचे) मंदिर उभे होते आणि त्याने ते अबाधित ठेवले, असे वसाहतीतील लोकच एका अर्जात सांगतात. म्हणजे ते इराण्यांच्या आधीचे. यहूदियाच्या (जेरुसलेमभोवतालच्या ज्यू प्रदेशाच्या) मनश्शे राजाच्या मूर्तिपूजेला कंटाळून तेथील याजक इ. स. पू. सातव्या शतकात येथे आले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार हे लोक मूळचे उत्तरेच्या इस्राएल राज्यातील असून अरामी लोकांबरोबर येथे पोहोचले. येबच्या वर्गणीच्या यादीत याहूसोबत एशेम-बेथेल व अनात-बेथेल ही इतर देवतांची नावे येतात, हा त्याचा मुख्य आधार. न्यूबियावरील मोहिमेसाठी सामेटिकस नावाच्या फेअरोने ज्यू सैनिक घेतले, अशी नोंद एका ग्रीक पत्रात आहे. तो पहिला की दुसरा सामेटिकस, हे स्पष्ट होत नाही. वसाहतीचे लष्करी स्वरूप पाहता भाडोत्री सैनिकांपासून तिचा आरंभ झाला, हे अधिक संभवनीय वाटते. नंतर त्यांत इतरांची भर पडली असावी.

इ. स. पू. ४१९ च्या एका पत्रात बेखमीर भाकरीच्या सणाची आज्ञा असून तीत इराणी सम्राट दुसऱ्या दरायसचा उल्लेख आहे. पत्र फाटलेले असल्याने ‘वल्हांडण’ हा शब्द अभ्यासकांनी अंदाजाने भरला आहे.

इ. स. पू. ४१० मध्ये क्षत्रप (इराणी प्रांताधिपती) अर्शाम बाहेर गेलेला असताना, शेजारच्या ख्नूम या ईजिप्शियन देवाच्या पुजाऱ्यांनी विद्रंग या अधिकाऱ्याला लाच देऊन याहूचे मंदिर पाडविले. घडीव दगडांची पाच महाद्वारे, काशाच्या बिजागऱ्या, देवदारूचे छत असे त्याचे वर्णन आढळते. जेरुसलेमच्या प्रमुख याजकाला लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही. इ. स. पू. ४०७ मध्ये यदन्या व इतर याजकांनी यहूदियाचा इराणी अधिकारी बगोही याच्याकडे अर्ज केला. तीन वर्षे गोणपाट नेसून आपण उपास करीत आहोत, असे त्यात म्हटले आहे. बगोही व शोमरोनचा (समारियाचा) दलाया यांच्या तोंडी निरोपात पुनर्बांधणीस अनुमती मिळाली, पण अन्नार्पण व धूप यांचाच उल्लेख आला. पशूंचे होमार्पण वगळले गेले. जेरुसलेमच्या मंदिराचा एकाधिकार जपणे हे त्याचे कारण दिसते. अग्नीविषयी इराण्यांना असलेला आदर हे काहींनी सुचविलेले कारण मात्र तितकेसे पटत नाही. इ. स. पू. ४०२ च्या एका घरखतातील चतुःसीमेत मंदिराचा निर्देश असल्याने ते पुन्हा उभारले गेले असावे.

मिब्तह्या या स्त्रीच्या कागदपत्रांवरून येथील स्त्रिया घर बाळगू शकत आणि मंडळीसमोर घटस्फोट जाहीर करू शकत, असे दिसते.

ईजिप्त इराणी सत्तेतून मुक्त झाल्यावर, इ. स. पू. ३९९ च्या सुमारास कागदपत्रे संपतात. १९०६–०८ मधील जर्मन उत्खननांत मोठा संग्रह सापडला. त्याआधी १८९३ मध्ये विकत घेतले गेलेले पपायरस आज ब्रुकलिन संग्रहालयात आहेत.