चिंतेला चेहरा मिळेपर्यंत: अ‍ॅनिमेशन पिक्चर आणि घरातल्या अवघड भावना

२०२४ च्या जूनमध्ये पिक्सार स्टुडिओचा इनसाइड आउट २ आला आणि जगभरात जवळपास १७० कोटी डॉलरचा गल्ला जमवून बसला. १३ वर्षांची रायली, तिच्या डोक्यातला कंट्रोल रूम, जिथे तिच्या भावनाच पात्रं बनून बसल्यात, आणि तिथे सामानसुमान घेऊन अचानक राहायलाच आलेली केशरी रंगाची, पिंजारलेल्या केसांची अँक्झायटी, म्हणजे चिंता. तेव्हापासून कितीतरी घरांत मुलांना एक सोय झाली, म्हणजे "मला भीती वाटते" हे तोंडातून निघत नसलं तरी "आज डोक्यात ती केशरीवाली बसलीये" एवढं सांगता येतं आणि आईबाबांना लगेच कळतं काय चाललंय ते. ही सोय मला फार मोठी वाटते. पण ती एका पिक्चरने अशीच दिली असं नाही, तिच्यामागे शंभरेक वर्षांचा प्रवास आहे, आणि गंमत म्हणजे त्यातला अर्धा प्रवास स्टुडिओत झालाच नाही.

सुरुवात अगदी जुनी. १९१४ साली अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके स्टेजवर उभा राहून पडद्यावरच्या गर्टी नावाच्या डायनोसॉरला हुकूम सोडायचा, ती ऐकायची नाही, मग हा रागवायचा आणि ती चक्क मुसमुसून रडायला लागायची. कागदावरची चित्रं रडताना बघून माणसाला वाईट वाटतं हे तिथेच कळलं होतं. १९३७ च्या डिसेंबरमध्ये स्नो व्हाइटच्या प्रीमियरला बुटके तिच्याभोवती रडत उभे राहिले तेव्हा थिएटरमधली मोठी माणसंही डोळे पुसत होती. म्हणजे रडवता येत होतं. पण रडू आल्यावर पुढे काय, त्याचं काय करायचं, हे तेव्हाचे पिक्चर सांगत नव्हते.

त्यासाठी बॅम्बी बघा, १९४२ चा. बर्फात गोळीचा आवाज येतो, हरणाचं पिल्लू आईला हाका मारत फिरतं, बाप येऊन सांगतो की आई आता तुझ्यासोबत नसणार, आणि पुढच्याच सीनला वसंत आलेला असतो, पक्षी गाणी म्हणत असतात. दुःख करायला जागाच नाही. पिढ्यान् पिढ्या मुलांच्या मनात तो सीन रुतून बसला याचं एक कारण मला हेच वाटतं, मोठ्यांनी पटकन विषय बदलल्यावर मूल जसं एकटं पडतं तसं तिथे प्रेक्षक एकटा पडतो.

पुढच्याच वर्षी डिस्नेने रीझन अँड इमोशन नावाची छोटी फिल्म काढली. माणसाच्या डोक्यात दोघं बसलेत, एक चष्मेवाला टापटीप विवेक, दुसरा गुहेतल्या माणसासारखा दिसणारा भावना, आणि स्टिअरिंग कुणाच्या हातात यावरून भांडण. डोक्यात बसलेली माणसं ही कल्पना इथे अगदी तयार दिसते. पण ते युद्धाचं वर्ष होतं, हिटलर लोकांची भीती आणि द्वेष कसा भडकवतो आणि आपण डोकं कसं शाबूत ठेवायचं हा त्या फिल्मचा धडा, त्यामुळे भावना म्हणजे ताब्यात ठेवायचं रानटी काहीतरी असाच सूर. तेव्हाच्या घराघरांतही बहुतेक हाच सूर असणार, रडू नकोस, घाबरायचं काय त्यात, मोठा झालास ना आता.

वेगळी वाट जपानमधून आली. १९८८ चा मियाझाकीचा माय नेबर टोटोरो सगळ्यांना त्या गुबगुबीत प्राण्यासाठी आठवतो, पण त्याच्या पोटात आजारी आईची काळजी आहे. मियाझाकीची स्वतःची आई मणक्याच्या टीबीने वर्षानुवर्षं आजारी होती. पिक्चरमध्ये व्हिलन नाही, आई हॉस्पिटलमध्ये आहे आणि दोन बहिणी घरी थांबल्यात एवढंच. मोठी सात्सुकी सगळं शहाण्यासारखं निभावत असते, स्वयंपाक, शाळा, धाकटीची वेणीफणी, आणि मग हॉस्पिटलमधून निरोप येतो की आई या शनिवारी घरी येऊ शकत नाही. धाकटी मेई हट्ट करते, सात्सुकी तिच्यावर ओरडते, आणि थोड्या वेळाने शेजारच्या आजीसमोर ती एकदम कोसळते, आई मेली तर काय करायचं असं विचारत लहान मुलीसारखी रडते. मेई ते लांबून बघते, आणि हातातलं मक्याचं कणीस आईला द्यायला एकटीच निघते. मोठ्या बहिणीचं शहाणपण हीच तिची चिंता होती हे इथे एकही वाक्य न समजावता कळतं. समजूतदार मोठं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांनी हा सीन नीट बघावा, खरंच.

आता स्टुडिओबाहेरचा अर्धा भाग. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदान-पुस्तकाची तिसरी आवृत्ती आली आणि आधी एकाच गाठोड्यात बांधलेल्या चिंतेचे पॅनिक डिसऑर्डर, जनरलाइज्ड अँक्झायटी असे वेगळे प्रकार झाले. साधारण त्याच दशकात ऑस्ट्रेलियातला मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचा डेव्हिड एप्स्टन हे समुपदेशक मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी एका वेगळ्या पद्धतीने बोलायला लागले. मूल म्हणजे प्रॉब्लेम नाही, प्रॉब्लेम हाच प्रॉब्लेम आहे, मग त्याला एक नाव द्या, तो कधी येतो, काय कानात सांगतो, तुम्ही त्याला कधी हरवलंत ते शोधा. कपड्यांत शी होणाऱ्या एका मुलाच्या केसमध्ये व्हाइटने त्या त्रासालाच चोरपावलांनी येणाऱ्या खोडकराचं नाव दिलं, आणि आईबाप विरुद्ध मुलगा हे भांडण संपून सगळं घर एका बाजूला आणि तो खोडकर दुसऱ्या बाजूला अशी मांडणी झाली. अँक्झायटी नावाचं पात्र पडद्यावर आलं तेव्हा नेमकं हेच झालं, फक्त कोट्यवधी घरांसाठी एकदम. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमनच्या टीमने ब्रेन स्कॅन करून दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची (भीतीला प्रतिसाद देणारा भाग) धडपड कमी होते, म्हणजे नाव देण्यात नुसती समजूत नाही, शरीरातही काहीतरी बदलतं.

पिक्सारकडे वळायचं तर आधी २००३ चा फाइंडिंग निमो, तिथे अँक्झायटी मुलाला नाही, बापाला आहे. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनने स्वतःच सांगितलंय की मुलाला बागेत नेलं आणि सगळा वेळ हे करू नको ते करू नको यातच गेला, त्यातून मार्लिन, म्हणजे निमोचा बाप, आला. पालकांना आरसा दाखवणारा हा पहिला मोठा पिक्चर असं माझं मत.

आणि मग २०१५. पीट डॉक्टर (डॉक्टर हे आडनाव, माणूस दिग्दर्शक) याची मुलगी अकराव्या वर्षी एकदम गप्प गप्प झाली, हिच्या डोक्यात काय चाललंय हा बापाचा प्रश्न म्हणजे इनसाइड आउट. सल्ल्याला पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर हे मानसशास्त्रज्ञ होते. एकमनच्या मूळ सहा भावनांपैकी आश्चर्य हे भीतीच्या फार जवळचं वाटलं म्हणून गाळलं आणि पाच उरल्या. आधी जॉय (आनंद) बरोबर रायलीच्या डोक्यातल्या प्रवासाला जाणार होती ती फिअर (भीती), सॅडनेस (दुःख) नव्हे, आणि गोष्ट काही केल्या जमत नव्हती. डॉक्टर फिरायला गेला असताना, आपल्याला काढून टाकतील या भीतीत, त्याच्या लक्षात आलं की ज्या माणसांची आपल्याला सगळ्यात जास्त आठवण येईल त्यांच्याबरोबर आपण नुसते हसलो नाही, रडलो, चिडलो पण आहोत. मग जोडी बदलली.

त्यातून तो बिंग बाँगचा, म्हणजे रायलीच्या लहानपणच्या काल्पनिक मित्राचा सीन. त्याची गाडी दरीत ढकलली जाते, तो मटकन खाली बसतो, जॉय गुदगुल्या करते, तोंडं वेडीवाकडी करते, काही उपयोग नाही. सॅडनेस शेजारी बसते आणि म्हणते की तुझी आवडती गोष्ट गेली, वाईट झालं. तो रडतो, मग उठतो, चला म्हणतो. दीड-दोन मिनिटांचा ऐवज आहे, पण समजूत घालणं आणि सोबत बसणं यातला फरक घरातल्या मोठ्यांना इतक्या सोप्या रीतीने दुसरीकडे कुठे दिसला असेल असं मला वाटत नाही.

मधल्या काळात आणखी बरंच आलं. फ्रोझनमध्ये (२०१३) बाप प्रेमापोटीच, हातातून बर्फ निघणाऱ्या एल्साला हातमोजे घालून लपव, वाटू देऊ नको असं शिकवतो आणि तेच तिला महागात पडतं. एन्कांटोची (२०२१) लुइसा, सगळ्यांचं ओझं उचलणारी. आणि २०२२ चा पुस इन बूट्स: द लास्ट विश, जिथे न घाबरणारा म्हणून मिरवणारा बोका जंगलात पॅनिक अटॅक येऊन झाडाला टेकतो आणि तो छोटा कुत्रा काहीही न बोलता त्याच्या पोटावर डोकं ठेवून पडून राहतो, श्वास खाली येईपर्यंत.

इनसाइड आउट २ साठी दिग्दर्शक केल्सी मानने किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लिसा डामूर यांना सोबत घेतलं. चिंता ही शत्रू नाही, प्रमाणात असली तर ती आपल्याला सावध ठेवते ही त्यांची मांडणी पिक्चरभर दिसते. रायली बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यात पेनल्टी बॉक्समध्ये (चुकीची शिक्षा म्हणून खेळाडूला बसवतात ती जागा) बसलेली, छाती धडधडतेय, आत अँक्झायटी कंट्रोलभोवती इतकी गरगर फिरतेय की तिलाच थांबता येत नाही, डोळ्यात पाणी पण हात सुटत नाही. मग सुटतो, आणि रायलीचा हात बाकड्याच्या लाकडाला लागतो, अंगावर ऊन येतं, बाहेरचे आवाज परत ऐकू यायला लागतात. समुपदेशक पॅनिकमध्ये हेच करायला सांगतात, आजूबाजूचं काय दिसतंय, काय हाताला लागतंय ते पकडा. शेवटी अँक्झायटीला कुणी हाकलत नाही, तिला आरामखुर्चीत बसवतात आणि यातलं आपल्या हातात काय आहे ते विचारतात.

सगळ्यांना हे चित्र पटतं असं नाही. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या मते डोक्यात ठरलेल्या अशा वेगवेगळ्या भावना बसलेल्याच नसतात, मेंदू त्या त्या प्रसंगाला आणि शिकलेल्या शब्दांवरून त्या घडवतो. शास्त्रातला हा वाद चालू आहे, आणि बॅरेट यांचं म्हणणं खरं धरलं तरी मुलाला शब्द मिळणं महत्त्वाचंच ठरतं. माझी काळजी दुसरी आहे. पडद्यावरचा अटॅक दोन-तीन मिनिटांत निवळतो, खऱ्या मुलाचा पुढच्या आठवड्यात परत येऊ शकतो, आणि झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल तर पिक्चर पुन्हा लावून भागत नाही, तिथे समुपदेशक लागतो, जो घाबरवणाऱ्या गोष्टीच्या जवळ मुलाला एकेक पायरी नेतो, आणि त्या कामात आईबाबांनाही सोबत बसवून घेतो.